आकडा कधी बोलत नाही

आकडे कधी खोटे बोलत नाहीत, असे एक वचन हल्ली जिकडेतिकडे ऐकू येते. सभेत वक्ता टेबलावर मूठ आपटून ते म्हणतो, वर्तमानपत्राचा अग्रलेख त्याच्या आधाराने उभा राहतो, आणि विद्यापीठातून नुकताच डॉक्टर होऊन आलेला एखादा तरुण ते अशा थाटात उच्चारतो, की जणू वेदवाक्यच! मला या वचनाबद्दल तक्रार आहे; आणि सणासुदीच्या दिवसांत, फराळाचे ताट जवळ घेऊन वाचायच्या अंकात ती मांडण्याचे धाडस मी करतो आहे, ते एवढ्याचसाठी की ही तक्रार हिंडत हिंडत त्या ताटापर्यंतच येऊन पोहोचते. आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे. कारण आकडे मुळी बोलतच नाहीत. बोलतो तो माणूस. आकडा हे उत्तर आहे, आणि उत्तराच्या आधी प्रश्न असतो. तो प्रश्न कोणी विचारला, कोणाला विचारला, कोणत्या शब्दांत विचारला, आणि कोणते उत्तर लिहून घ्यायला कागदावर जागाच ठेवलेली नव्हती, हे ठाऊक नसेल तर आकडा म्हणजे निव्वळ मुका साक्षीदार. आणि मुक्या साक्षीदाराच्या नावावर वकील वाटेल ते खपवतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही सांगायला नको.

प्रथम माझा अधिकार सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची फसगत व्हायला नको. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकनंतर हातात ब्रश आला. कॉलेज लांबूनच पाहिले. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. त्यांतली माणसे मी मोजली नाहीत, ऐकली. समाजशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण समाजशास्त्री मंडळी ज्या आकड्यांचे मनोरे उभारतात, त्या मनोऱ्यांच्या विटा वाहण्याचे काम सरकार आम्हा मास्तरांकडूनच करून घेते! खानेसुमारी आली की मास्तर आठवतो. २०११ च्या जनगणनेत ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत प्रगणक म्हणून मीही बगलेत कागदांचे भेंडोळे धरून उंबरठे झिजवले आहेत. मनोरा किती उंच झाला ते शिल्पकाराने सांगावे. पण कोणती वीट पक्की आणि कोणती कच्ची, हे वाहणाऱ्याला कळते. त्या एवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

आता विटेकडे वळू. त्या कागदावर एक रकाना होता: गेल्या वर्षात या व्यक्तीने काम केले काय? प्रश्न केवढा साधा! एका घरी ओसरीवर बसून मी विचारले, “ताई, तुम्ही काही काम करता का?” बाई दाराआडून म्हणाल्या, “न्हाई गुरुजी, मी घरीच असते.” घरधन्यानेही मान डोलवली. इथेच रकाना भरून पुढच्या घरी जाता आले असते. मी विचारले, “शेतावर जाता?” “जाते की! खुरपणी, वेचणी, समदंच.” “म्हशीचं कोण बघतं?” “मीच. दुसरं कोन हाय?” झाले. पहिल्या प्रश्नाला जी बाई कामच करीत नव्हती, ती तिसऱ्या प्रश्नाला वर्षाचे बारा महिने काम करणारी निघाली. मधे गेली ती उणीपुरी पंधरा सेकंदे. बाई तीच, ओसरी तीच, म्हैसही तीच. बदलला तो प्रश्न.

एकेका प्रगणकाच्या वाट्याला सातएकशे माणसे येतात. शाळेचे तास शिल्लक असतात. आणि बहुतेक घरांत बायकोच्या वतीने नवराच उत्तर देतो. अशा स्थितीत देशातल्या किती ओसऱ्यांवर तो दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारला गेला असेल? त्या गणनेचा निकाल असा, की शंभर पुरुषांत ५३ कामकरी आणि शंभर बायकांत अवघ्या साडेपंचवीस. हा आकडा घेऊन पुढे केवढी विद्वत्ता झाली! भारतीय स्त्री कामाला का येत नाही, यावर परिसंवाद झाले, ग्रंथ झाले. यांतले काही फार विचारपूर्वक लिहिलेले आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण ज्या वक्त्यांनी “आकडेच सांगतात” म्हणून तो वापरला, त्यांच्यातल्या एकालाही त्या ओसरीवरचा पहिला प्रश्न आणि तिसरा प्रश्न यांतले अंतर ठाऊक नव्हते.

बरे, प्रगणकाने सगळे प्रश्न चोख विचारले तरी गाठ सुटत नाही. कारण खरी गाठ कागदाच्या आत आहे. काम म्हणजे काय, हे आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. जनगणनेचा नियम असा: घरच्यापुरते का होईना, दूध काढणारी बाई कामकरी. त्याच दुधाचा चहा करून ती सगळ्यांना देते, ते मात्र काम नव्हे. म्हशीच्या गोठ्यातून चुलीपर्यंत ती चार पावले चालली, की वाटेत कुठेतरी तिचे काम गळून पडते! आणि जिने नुसतीच चूल सांभाळली, पोरे वाढवली, सासऱ्याचे अंथरूण काढले, तिची गणना होते ती बिनकामकऱ्यांत. विद्यार्थी, पेन्शनर आणि भिकारी यांच्या पंक्तीला.

मग तिचे काम खरोखर मोजता येत नाही काय? येते की! २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिथे प्रश्न निराळा होता. “काम करता का?” असे विचारले नाही, “काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केले?” असे विचारले. लगेच दुसरेच जग दिसले. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष शंभरात २६. आणि जे करतात त्यांच्यात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाची ९७. पुढे २०२४ साली तीच पाहणी पुन्हा झाली. तेव्हा बाईची २८९ आणि पुरुषाची ८८. म्हणजे जिला एका कागदाने बिनकामाची ठरवले, तिला दुसऱ्या कागदाने जवळजवळ पाच तासांची पाळी भरताना पकडले. दोन्ही कागद सरकारचेच. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. तेव्हा “आकडे बोलतात” म्हणणाऱ्याला माझा सवाल आहे, की बाबा रे, यातला कोणता आकडा बोलतो आहे आणि कोणाच्या तोंडाने?

याची गंमत अर्थशास्त्र्यांच्याही ध्यानात आली होती. केंब्रिजचे पिगू यांनी १९२० साली आपल्या ग्रंथात नमूद केले आहे, की एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर देशाचे उत्पन्न तेवढ्याने घटते! काम तेच, घर तेच. पगार थांबला म्हणून हिशेबातून ते नाहीसे झाले. पिगूंना हा विरोधाभास दिसला, त्यांनी तो प्रांजळपणे लिहून ठेवला, आणि जगाने तो वाचून हसून पुढे पाऊल टाकले. आज शंभर वर्षांनी आपल्या दिवाळीतही तेच आहे. बचत गटाकडून विकत आणलेली चकली राष्ट्रीय उत्पन्नात जाते. घरात रात्री अकरा वाजेतो कढईपाशी उभे राहून तळलेली चकली नुसती पोटात जाते. ताटापर्यंत पोहोचेन म्हणालो होतो, तो हा पोहोचलो.

आता थोडे तत्त्वज्ञान. भिऊ नका, मी ते मास्तरी पद्धतीनेच सांगणार आहे. समाजाचा अभ्यास शास्त्रासारखा करावा, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या ऑगस्त कोंतने जोरात मांडली. पदार्थविज्ञानाने दगड कसा पडतो याचा नियम शोधला, तसा माणसांच्या समूहाचा नियम शोधावा. पुढे १८९५ साली एमील दुर्खीमने सांगितले, की सामाजिक गोष्टींकडे वस्तूंकडे पाहावे तसे बाहेरून पाहा. कल्पना मोठी होती. तिने पुष्कळ भोंदूपणा झाडून काढला. राजाच्या लहरीने वा देवाच्या कोपाने समाज चालतो असे मानणाऱ्यांना तिने मोजायला शिकवले. तिकडे जर्मनीत माक्स वेबर म्हणाला, की माणूस हा दगड नव्हे; तो जे करतो त्याला त्याच्या मनात काही अर्थ असतो, तो समजून घेतल्याशिवाय त्याची कृती कळत नाही. माझ्या वर्गाचे उदाहरण घ्या. शेवटच्या बाकावरचा मुलगा हात वर करतो. त्याला उत्तर येते म्हणून? पाणी प्यायला जायचे म्हणून? की पुढच्याच्या डोक्यावरची माशी हाकलायची म्हणून? खिडकीबाहेरून मोजणारा लिहील: “हात वर, एक.” आकडा बरोबर आहे. वर्गात काय चालले आहे, हे मात्र त्याला जन्मात कळणार नाही.

या दोन विचारांचे भांडण शंभर वर्षे चालू आहे आणि आता त्याचे दोन मठ झाले आहेत. एका मठातले म्हणतात, मोजता येईल तेवढेच खरे. दुसऱ्या मठातले म्हणतात, खरे असे काही नसतेच. प्रत्येकाचे आपापले सत्य, प्रत्येकाची आपापली कथा. भांडण हातघाईवर आले की दोघेही “आमची चौकट निराळी” असे म्हणून दार लावून घेतात. हा चौकटीचा शब्द टॉमस कून या अमेरिकन इतिहासकाराने १९६२ साली आपल्या पुस्तकातून रूढ केला. तो समाजशास्त्र्यांच्या सहवासात वर्षभर राहिला होता. मूळ प्रश्न आणि पद्धती कोणत्या, यावरच त्यांच्यात एवढे मतभेद पाहून तो चकित झाला, आणि पदार्थविज्ञानात असे का होत नाही याचा विचार करता करता त्याला ही कल्पना सुचली. बिचाऱ्याने भांडण समजून घेण्यासाठी काढलेला शब्द भांडण टाळण्यासाठी वापरला जातो आहे!

मी या दोन्ही मठांना माझ्या वर्गात येण्याचे आमंत्रण देतो. मी टेबलावर पितळेचा तांब्या ठेवतो आणि चाळीस मुलांना तो काढायला सांगतो. चाळीस कागदांवर चाळीस तांबे उतरतात. खिडकीकडच्याला उजेडाची बाजू दिसते, भिंतीकडच्याला काळोखाची. पुढच्याला तोंडाची गोलाई दिसते, मागच्याला ती नुसती रेघ वाटते. यांतले कोणते चित्र खोटे? एकही नाही. पण म्हणून कोणी हत्ती काढून आणला आणि म्हणाला, “गुरुजी, माझ्या जागेवरून असाच दिसतो,” तर मी त्याचा कान धरीन. तांब्या एकच आहे. बसायच्या जागा अनेक आहेत. आकडेपंडित म्हणतो, जागा नावाची वस्तूच नाही, मला दिसतो तोच तांब्या. कथापंडित म्हणतो, तांब्याच नाही, नुसत्या जागाच आहेत. मला विचाराल तर मी दोघांनाही खालच्या वर्गात बसवीन. चांगला विद्यार्थी चित्राच्या कोपऱ्यात लिहितो: मी दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी बसलो होतो. संशोधनाची सगळी नीती एवढ्या एका ओळीत आहे.

ही ओळ लिहायची टाळली म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने चांगलेच भोगले आहे. हर्बर्ट रिस्ले नावाचे एक इंग्रज अधिकारी होते. हातात मोजपट्टी घेऊन त्यांनी माणसांची नाके मोजली. रुंदी भागिले उंची गुणिले शंभर. १८९१ साली त्यांनी जाहीर केले, की जितके नाक रुंद तितकी जात खालची! आकडे पानोपानी होते, म्हणून शास्त्र म्हणून मान्य झाले. हेच रिस्ले १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख झाले आणि त्यांनी जातींची सामाजिक मानाप्रमाणे उतरंड लावायचा घाट घातला. परिणाम काय झाला? जातीजातींच्या सभा भरल्या, आम्हांला वरची पायरी द्या म्हणून अर्जांचा पाऊस पडला. १९११ च्या गणनेच्या वेळी एकट्या बंगालात आलेल्या अर्जांचे वजन दीड मण भरले, असे तिथल्या अधिकाऱ्यानेच नोंदवले आहे. जी उतरंड आपण फक्त मोजतो आहोत असे सरकारला वाटत होते, ती मोजता मोजता ते अधिक पक्की करीत होते. दगड मोजल्याने दगड बदलत नाही. माणूस मोजला की तो मोजणाऱ्याकडे पाहू लागतो, आणि पुढच्या वेळी निराळे उत्तर देतो.

या नाकशास्त्राचा फुगा फोडला तो आपल्या मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे ते विभागप्रमुख होते. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी रिस्लेसाहेबांचेच आकडे प्रांतवार तपासले आणि दाखवून दिले, की नाकाची आणि मानाची ही सांगड फार तर संयुक्त प्रांतात जुळते. मुंबई, मद्रास, बंगाल इकडे ती जुळत नाही. आकड्यावर आकड्यानेच मात केली! त्याच्याही आधी बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांनी असाच पराक्रम केला होता. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती, की कवट्यांच्या मापावरून गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व दिसावे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि वंशाचा अन् कवटीच्या असमान घडणीचा काही संबंध दिसत नाही, असे १९३० साली पुऱ्या केलेल्या प्रबंधात लिहून टाकले. परदेशात, परभाषेत, गुरूच्या मताविरुद्ध. याला छाती लागते.

आणि हीच बाई पुढे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर पायी चालली. तिथे तिने काय पाहिले? एकाच दिंडीत, एकच अभंग एका सुरात म्हणणारी माणसे जेवायच्या वेळी जातीने वेगळी बसतात. हे कोणत्या मोजपट्टीने मोजणार? त्यासाठी पायांना फोड यावे लागतात, रात्री त्या बायकांच्या शेजारी पथारी टाकावी लागते. मोजपट्टीने एक लबाडी उघडी पडली. चालण्याने एक दुःख उघडे पडले. दोन्ही संशोधनच. कोणत्या प्रश्नाला मोजपट्टी घ्यावी आणि कोणत्या प्रश्नाला वहाणा घालून निघावे, एवढे ज्याला कळते तो संशोधक. बाकीचे आपापल्या मठाचे पुजारी.

इथे माझे कथापंडित मित्र खुशीत येतील आणि म्हणतील, “पाहा, तुम्हीही आमच्यातलेच!” नाही, महाराज. तुमच्याशीही माझे भांडण आहे. गरिबाच्या हातात कधीकधी आकडा हे एकच शस्त्र असते, आणि तुम्ही तेच हिसकावून घ्यायला निघाला आहात. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींची आठवण करा. इंग्रज राज्यात हिंदुस्थान सुखी झाला, ही तेव्हाची प्रचलित कथा होती. आणि ती फार सुरेख रंगवून सांगितली जात असे. दादाभाईंनी १८७६ साली सरकारचेच आकडे घेतले, बेरीज-भागाकार केला, आणि दाखवले की माणशी वर्षाचे उत्पन्न अवघे २० रुपये पडते. पुढे त्यांनी एक प्रश्न विचारला, जो सरकारला कधी सुचला नव्हता: तुमच्या तुरुंगात एका कैद्याला जगवायला वर्षाला किती खर्च येतो? तो यापेक्षा जास्त निघाला. म्हणजे प्रामाणिक रयतेपेक्षा कैदी बरा जेवत होता! आकडे सरकारचे होते, प्रश्न दादाभाईंचा होता. “प्रत्येकाचे सत्य निराळे” असे म्हणून दादाभाई स्वस्थ बसले असते, तर व्हाइसरॉयचे सत्यही एक सत्य म्हणून चालूच राहिले असते.

आता कोणी म्हणेल, हा झाला इतिहास. आज त्याचे काय? आज तर त्याचे फारच आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने ठरवले, की येत्या जनगणनेत प्रत्येकाची जात विचारायची. आणि ती गणना २०२७ ची म्हणून जाहीर झाली. सगळ्या जातींची अशी पुरती मोजणी प्रसिद्ध झाली त्याला १९३१ साल उलटून गेले. ती व्हावी, या मताचा मी आहे. ज्याला मोजतच नाहीत त्याला वाटणीत काय देणार? पण मोजायची कशी, याचा विचार झाला पाहिजे. १९३१ साली देशात जाती भरल्या ४,१४७. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी सांगितलेली नावे जशीच्या तशी उतरवली, तर ती झाली ४६ लाख! आपल्या महाराष्ट्रात सरकारी याद्यांत ४९४ नावे, आणि पाहणीत निघाली ४ लाख २८ हजारांवर. केंद्राने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हे सांगितले आणि आकडे वापरण्याजोगे नाहीत म्हणून हात वर केले.

लोकांना आपली जात माहीत नाही, असा याचा अर्थ कोणी काढील तर तो शहाणा म्हणायचा नाही. कोणी जात सांगितली, कोणी पोटजात, कोणी आडनाव, कोणी कूळ, कोणी धंदा. शिवाय एकेका नावाची दहा स्पेलिंगे. प्रश्न होता “जात कोणती?” इतकाच. विचारणाऱ्याच्या मनात सरकारी यादी होती. सांगणाऱ्याच्या मनात आपली माणसे होती. दोघांच्या मनांत एकच शब्द, आणि अर्थ दोन. वेबरने जे ग्रंथात लिहिले, ते आमच्या प्रगणकाने ओसरीवर अनुभवले. फरक इतकाच की वेबरचे पुस्तक अभ्यासाला लागले आणि प्रगणकाला कोणी विचारलेही नाही.

आणखी एक उदाहरण देतो, ते जड आहे; पण सण आहे म्हणून डोळे मिटता येत नाहीत. दुर्खीमने १८९७ साली आत्महत्येच्या आकड्यांवर ग्रंथ लिहिला. समाजशास्त्राचा तो पाया मानतात. सत्तर वर्षांनी जॅक डग्लस या अभ्यासकाने विचारले, की मृत्यूला आत्महत्या हे नाव दिले कोणी? पोलिसाने, डॉक्टरने, पंचाने. जिथे घराणे लपवते तिथे आकडा खाली, जिथे लपवत नाही तिथे वर. हा वाद परदेशी पुस्तकातला म्हणून सोडून देऊ नका. आपल्या राज्यात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घराला एक लाख रुपयांची मदत २००६ पासून मिळते. पण त्यासाठी कागद लागतो; कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवाना असलेल्या सावकाराचे हवे. ज्याने पाहुण्याकडून, दुकानदाराकडून, बिनपरवान्याच्या सावकाराकडून पैसे उचलले, त्याचे मरण ‘अपात्र’ ठरते. मरण अपात्र! मराठी भाषेत हे दोन शब्द शेजारी बसतील, असे कोणाला वाटले असते काय? पुढे हा पात्र-अपात्राचा आकडा भाषणात येतो, आणि तो खालीवर झाला की दुःख खालीवर झाले असे धरून चालतात. त्या घरातल्या बाईला विचारा, तिचे कुंकू कोणत्या रकान्यात बसवले ते.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. त्या करायला पदवी लागत नाही. पहिली: सरकार असो, विद्यापीठ असो की वर्तमानपत्र असो, आकडा छापताना त्याच्या खाली ज्या प्रश्नाचे ते उत्तर आहे तो प्रश्न छापावा, ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांत. औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते लिहावे लागते; आकड्याने काय पाप केले? दुसरी: प्रत्येक पाहणीच्या कागदाला शेवटी एक कोरी ओळ असावी, जिच्यात विचारणारा लिहील की इथे प्रश्न बसला नाही. लाखो मास्तरांनी लिहिलेली ती ओळ वाचायला कोणाला तरी पगार द्यावा. देशात तेवढे समाजशास्त्री नक्की आहेत. तिसरी: आठवी-नववीच्या मुलांना हे शिकवावे. प्रत्येकाने आपल्या घरात दोन प्रश्न विचारावेत. आईला, “तू काम करतेस का?” आणि दुसऱ्या दिवशी, “काल पहाटेपासून झोपेपर्यंत काय काय केलेस?” दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत. संशोधनपद्धतीचा यापेक्षा चांगला धडा कोणत्याही परदेशी ग्रंथात मिळणार नाही, आणि याला खर्च एका पेन्सिलीचा.

माझ्या या मागण्यांवर एक आक्षेप मला ठाऊक आहे. एका कचेरीत तो मला तोंडावर ऐकवलाही गेला: “मास्तर, प्रश्नावली तज्ज्ञांनी तयार केलेली असते. तुमचे काम भरायचे.” उत्तम. तज्ज्ञांविषयी मला आदर आहे. घुर्ये तज्ज्ञ होते, इरावतीबाई तज्ज्ञ होत्या, दादाभाई तज्ज्ञ होते. पण या तिघांनीही दुसऱ्याने आखलेला रकाना निमूटपणे भरला नाही, म्हणूनच आपण त्यांची नावे घेतो. रिस्लेसाहेबही तज्ज्ञच होते. आणि त्यांच्या हाताखाली निमूटपणे नाके मोजणारे कितीतरी कारकून असतील. त्यांतल्या एखाद्याला तरी वाटले असेल, की साहेब, या माणसाच्या नाकाशी आपल्याला काय करायचे आहे? त्याच्यासाठी कोरी ओळ नव्हती, एवढेच.

वाचकहो, मोजणी वाईट नाही. मोजणीशिवाय न्याय नाही. पण मोजणाऱ्याने आपली जागा लपवली की मोजणीचा अन्याय होतो, आणि तो फार सभ्य दिसतो. तेव्हा यापुढे कोणी मोजणीवाला तुमच्या दारात आला, तर त्याला पाणी द्या, पंखा लावा, चार कडबोळी पुढे ठेवा; तो बिचारा बहुधा आमच्यातलाच कोणी मास्तर असेल. घरातल्या बाईच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. तिला पुढे बसवा आणि तिचे तिला बोलू द्या. तोही घाईने रकाना भरू लागला, तर त्याला हात जोडून थांबवा. उत्तर जरूर द्या; फक्त आधी प्रश्न वाचायला मागा.